आत्महत्या-प्रतिबंध

आत्महत्या-प्रतिबंध : स्वतःचे जीवन हेतुपुरस्सर संपविण्याच्या कृतीस आत्महत्या म्हणतात. अशा कृतीकडे ओढल्या जाणाऱ्या व्यक्तीची मनःस्थिती वेळीच ओळखणे, संकटकाळात तिला सोबत व संरक्षण देणे, तिला योग्य उपचारांपर्यंत पोहोचविणे आणि त्यानंतरही तिच्याशी संपर्क राखणे, या सर्व उपायांचा समावेश ‘आत्महत्या-प्रतिबंध’ या संज्ञेत होतो. धार्मिक व्रत म्हणून स्वीकारले जाणारे प्रायोपवेशन, जैन धर्मातील सल्लेखना, तसेच असाध्य रुग्णाचे उपचार थांबविण्याचा प्रश्न हे स्वतंत्र विषय असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. प्रस्तुत नोंदीत आत्महत्येच्या पूर्वसूचना आणि निकटच्या माणसांनी करावयाचे साहाय्य यांवर मुख्य भर दिला आहे.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७,२७,००० व्यक्ती आत्महत्येने मरण पावल्या. त्यांपैकी सु. ७३% मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. हे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे १२.४ होते. त्याच वर्षी महाराष्ट्रातील संख्या २२,७४६ असून ती सर्व राज्यांत सर्वाधिक होती. नोंदविलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या (३१.७%) आणि आजारपण (१८.४%) ही प्रमुख होत. विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ होती. हे आकडे पोलिसांकडील नोंदींवर आधारलेले आहेत. सामाजिक लाज व कायद्याची भीती यांमुळे अनेक घटना अपघात म्हणून नोंदविल्या जातात. शिवाय प्रत्येक मृत्यूपुढे एकच कारण लिहिले जात असल्याने त्यामागील गुंतागुंत आकड्यांत उतरत नाही.

अभ्यासाचा विकास : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्युरकेम याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आत्महत्येचा संबंध व्यक्तीच्या समाजाशी असलेल्या बंधांशी जोडला. हे बंध सैल पडले किंवा समाजाचे नियमन कोलमडले, म्हणजे आत्महत्यांचे प्रमाण वाढते, असे त्याचे प्रतिपादन होते. व्हिएन्ना येथील मनोविकारतज्ञ एर्विन रिंगेल यांनी १९५३ मध्ये आत्महत्येपूर्वीच्या मनःस्थितीचे वर्णन केले. त्याच वर्षी लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने दूरध्वनीवरून व्यथितांचे म्हणणे ऐकून घेण्याचे कार्य सुरू केले. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये लॉस अँजेल्स येथे एडविन श्नाइडमन व त्याचे सहकारी यांनी आत्महत्या-प्रतिबंध केंद्र स्थापिले. भारतात चेन्नई येथे १९८६ मध्ये लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. २००३ पासून १० सप्टेंबर हा दिवस जागतिक आत्महत्या-प्रतिबंध दिन म्हणून पाळण्यात येतो.

मनःस्थितीचे स्वरूप : आत्महत्येचा विचार करणाऱ्या बहुतेकांना मरण हवे असते, असे म्हणण्यापेक्षा असह्य झालेल्या वेदनेतून सुटका हवी असते, असे म्हणणे अधिक यथार्थ होय. श्नाइडमनने या असह्य मनोवेदनेलाच आत्महत्येच्या मुळाशी स्थान दिले. अशा वेळी विचारांची कक्षा आकुंचित होते. भूतकाळातील सुखद आठवणी, पुढील शक्यता व आप्तांचे प्रेम ही दृष्टीआड होतात आणि दोनच वाटा उरल्या आहेत, असे वाटू लागते. तथापि जगण्याची व मरण्याची इच्छा एकाच मनात एकाच वेळी वसत असते. या अवस्थेस ‘उभयभाव’ म्हणतात. संकटाची तीव्रता लाटेप्रमाणे चढते व ओसरते. कित्येकदा तिचा परमोच्च बिंदू काही मिनिटांचा किंवा काही तासांचाच असतो. त्या अवधीत कोणी सोबत असेल आणि घातक साधन हाताशी नसेल, तर प्राण वाचण्याची शक्यता फार वाढते. अमेरिकेत एका पुलावर परावृत्त केल्या गेलेल्या ५१५ व्यक्तींचा पाठपुरावा रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९०% हून अधिक व्यक्ती अनेक वर्षांनंतरही जिवंत होत्या किंवा नैसर्गिक कारणांनी मरण पावल्या होत्या. एकदा अडविलेला माणूस दुसरा मार्ग शोधतोच, ही समजूत यामुळे निराधार ठरते.

धोक्याचे घटक : धोक्याचे घटक व पूर्वसूचना यांत फरक केला पाहिजे. धोक्याचे घटक दीर्घकालीन असतात. पूर्वी केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा त्यांत सर्वांत महत्त्वाचा मानतात. त्याखेरीज अवसाद, उन्माद-अवसाद विकृती, छिन्नमानस इ. मनोविकार, मद्य व अन्य मादक द्रव्यांचे व्यसन, वेदनादायक वा दुर्धर आजार, कुटुंबातील पूर्वीची आत्महत्या, घरगुती हिंसाचार, बालपणी झालेले शोषण, कर्जबाजारीपणा, बेकारी व एकाकीपणा यांचाही समावेश होतो. मनोविकाराच्या उपचारांनंतर रुग्णालयातून घरी परतल्यावरचे पहिले काही आठवडे विशेष जपण्याचे असतात. याउलट जिव्हाळ्याची नाती, जबाबदारीची जाणीव, समूहाशी असलेले बंध आणि उपचारांची सुलभता हे घटक संरक्षक ठरतात. धोक्याचे घटक असलेल्या बहुसंख्य व्यक्ती आत्महत्या करीत नाहीत, हेही लक्षात ठेवावयास हवे.

पूर्वसूचना : नजीकच्या संकटाची चाहूल देणाऱ्या वाणीतील व वर्तनातील बदलांना पूर्वसूचना म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

(१) वाचिक : मरणाविषयी, नाहीसे होण्याविषयी वा कायमच्या सुटकेविषयी वारंवार बोलणे, ‘माझ्यामुळे सर्वांना त्रास होतो’, ‘मी नसलो तर तुमचे बरे चालेल’, ‘आता काही उरले नाही’ अशी वाक्ये, निरोपाचे पत्र वा संदेश. मराठीत ‘जीव नकोसा झाला’, ‘देवाने आता न्यावे’ असे उद्गार त्रासाच्या भरात सहज काढले जातात व वृद्ध माणसे तर ते नित्य उच्चारतात. त्यामुळे ते ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडतात. नेहमी त्राग्याने बोलणारी व्यक्ती हेच शब्द एखाद्या दिवशी शांतपणे, नजर चुकवून बोलली किंवा कधीच न बोलणाऱ्याच्या तोंडून ते प्रथम निघाले, तर त्यांकडे वाक्प्रचार म्हणून पाहणे धोक्याचे होय.

(२) वर्तनविषयक : माणसांत मिसळणे टाळणे, आवडीच्या कामांतून लक्ष काढून घेणे, झोप व भूक यांत ठळक बदल, मद्यपानात वाढ, बेफिकीर व धोकादायक वागणूक, तीव्र अस्वस्थता वा संताप, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणे, विमा, बँकेची कागदपत्रे व देणीघेणी यांची अचानक आवराआवर, दूरच्या आप्तांना अकारण भेटून निरोप घेणे, घातक साधनांची चौकशी. दीर्घ खिन्नतेनंतर अचानक आलेली शांतता ही सुधारणा नसून घेतलेल्या निर्णयाची खूण असू शकते.

(३) प्रासंगिक : प्रिय व्यक्तीचा वियोग, विवाह वा प्रेमसंबंध तुटणे, परीक्षेतील अपयश, नोकरी जाणे, सावकाराचा वा वसुली करणाऱ्यांचा तगादा, चारचौघांत झालेला अपमान, गंभीर आजाराचे निदान, न्यायालयीन वा पोलीस कारवाई. यांपैकी कोणताही प्रसंग एकटा आत्महत्येचे कारण ठरत नाही. मात्र वरील दोन वर्गांतील लक्षणांना त्याची जोड मिळाली म्हणजे दक्षता वाढविणे अगत्याचे होते.

मुलांमध्ये व किशोरवयीनांमध्ये खिन्नतेऐवजी चिडचिड, शाळा टाळणे, पोटदुखी-डोकेदुखीच्या तक्रारी व गुणांतील अचानक घसरण ही लक्षणे पुढे येतात. वृद्धांमध्ये औषधे घेण्याचे सोडणे व अन्नावरची वासना उडणे यांकडे वयाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

पूर्वसूचनांची मर्यादा : कोणत्या व्यक्तीकडून आत्महत्या घडेल, याचे अचूक भाकीत तज्ञांनाही करता येत नाही. जोसेफ फ्रँक्लिन व त्याचे सहकारी यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचे परीक्षण केले, तेव्हा ज्ञात घटकांवरून केलेली भाकिते निव्वळ योगायोगापेक्षा थोडीच सरस असल्याचे आढळले. यास्तव पूर्वसूचनांचा उपयोग निदान किंवा भविष्यकथन म्हणून करू नये. त्या व्यक्तीजवळ बसून विचारपूस करण्याचे निमित्त एवढेच त्यांचे कार्य आहे. मात्र ते निमित्त कधीही वाया घालवू नये. लक्षण खोटे ठरले, तरी विचारपूस केल्याने काहीच बिघडत नाही. तसेच अनेक मृत्यू कोणतीही स्पष्ट सूचना न देता घडतात. ‘माझ्या लक्षात कसे आले नाही’ असा दोष मागे राहिलेल्यांनी स्वतःकडे घेणे त्यामुळेच अन्यायाचे ठरते.

प्रचलित गैरसमज : ‘जो बोलतो तो करीत नाही’ हा सर्वांत घातक गैरसमज होय. आत्महत्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी आपला विचार आधी कोणाजवळ तरी सूचित केलेला असतो. ‘लक्ष वेधून घेण्यासाठीच हे चालले आहे’, असे म्हणणाऱ्याने त्या व्यक्तीला लक्ष देण्याची गरज आहे, हेच मान्य केलेले असते. आत्महत्या हे भेकडपणाचे वा शौर्याचे कृत्य आहे, या दोन्ही कल्पना व्यथेकडे दुर्लक्ष करणाऱ्या आहेत. आत्महत्येचा उल्लेख केल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीतीही निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवर मॅडेलिन गूल्ड व तिच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (२००५) असा प्रश्न विचारल्याने विद्यार्थ्यांची व्यथा वा आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसले नाही. आधीपासून खिन्न असलेल्यांना तर किंचित बरे वाटल्याचे आढळले.

निकटवर्तीयांचे साहाय्य : (१) विचारणे : एकांताची जागा व पुरेसा वेळ पाहून संभाषण सुरू करावे. लक्षात आलेला बदल प्रथम सांगावा : ‘गेले काही दिवस तुम्ही जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, मला काळजी वाटते.’ नंतर आडवळण न घेता विचारावे : ‘जीव संपवावा असे विचार मनात येतात का?’ ‘तसले काही मनात नाही ना?’ असा प्रश्न नकारार्थी उत्तर सुचवितो. म्हणून तो टाळावा. प्रश्न शक्यतो त्या व्यक्तीच्या घरच्या बोलीत विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास विचार कितपत तीव्र आहेत, त्यासाठी काही योजना केली आहे काय, साधन जवळ आहे काय व पूर्वी प्रयत्न झाला होता काय, हे शांतपणे जाणून घ्यावे. योजना ठरलेली व साधन हाताशी असणे हे तातडीच्या धोक्याचे लक्षण होय.

(२) ऐकणे : उत्तर ऐकून धक्का बसल्याचे दाखवू नये. ‘मुलाबाळांचा तरी विचार कर’, ‘इतरांची दुःखे किती मोठी आहेत’, ‘हे पाप आहे’ अशा वाक्यांनी अपराधीपणा वाढतो व बोलणे थांबते. वाद घालणे, आव्हान देणे व घाईने उपाय सुचविणे या गोष्टीही टाळाव्यात. ‘हे तुम्ही मला सांगितलेत, ते बरे केलेत’ एवढे वाक्य पुष्कळ काम करते. गुप्ततेचे वचन मात्र देऊ नये. प्राणरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याच माणसांना सांगावे लागेल, हे मोकळेपणाने स्पष्ट करावे.

(३) सुरक्षित ठेवणे : तातडीचा धोका असेल, तर त्या व्यक्तीस क्षणभरही एकटे सोडू नये. घरातील औषधांचा साठा, कीटकनाशके व इतर घातक वस्तू तिच्या आवाक्याबाहेर न्याव्यात. हा उपाय दिसावयास किरकोळ असला, तरी त्याचा प्रभाव मोठा आहे. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्यात आल्यावर आत्महत्यांचे एकूण प्रमाण पुढील दोन दशकांत निम्म्याहून अधिक घटले.

(४) उपचारांशी जोडणे : ‘डॉक्टरकडे जा’ असे सांगण्यापेक्षा स्वतः बरोबर जाणे महत्त्वाचे होय. अवसादावर औषधे व मानसोपचार यांचा चांगला उपयोग होतो. मात्र औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. तोवर सोबत चालू ठेवावी लागते व औषधे घरातील दुसऱ्या व्यक्तीने आपल्याकडे ठेवून रोजच्या मात्रेपुरतीच देणे इष्ट असते.

(५) संपर्क राखणे : संकट टळल्यावर घरातील वर्दळ थांबते आणि व्यक्ती पुन्हा एकटी पडते. म्हणून भेटीचा पुढील दिवस ठरवूनच निघावे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील ठिकाणी केलेल्या अभ्यासात (२००८) आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींचा समावेश होता. त्यांतील एका गटास नेहमीच्या उपचारांबरोबर तासाभराचे मार्गदर्शन व पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा भेटी वा दूरध्वनी एवढीच जोड देण्यात आली. या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२%, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ते २.२% आढळले.

सुरक्षा-आराखडा : बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेल्या या पद्धतीत व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत एक छोटा आराखडा लिहून जवळ ठेवावयाचा असतो. त्यात संकट वाढत असल्याची स्वतःची लक्षणे, मन वळविण्यासाठी एकट्याने करता येण्याजोग्या गोष्टी, मन रमेल अशी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल असे आप्त, व्यावसायिक मदतीचे क्रमांक आणि घर सुरक्षित करण्याचे उपाय अशा सहा पायऱ्या येतात. संकटकाळी विचारशक्ती आकुंचित होते, म्हणून तो बऱ्या वेळी तयार करावयाचा असतो. ‘मी असे करणार नाही’ अशी शपथ वा लेखी हमी घेण्याचा उपयोग होत असल्याचे दिसून आलेले नाही.

महाराष्ट्रातील प्रयोग : विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांनी अवसादाविषयी लोकजागृती केली व समुपदेशन दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अवसादग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३% वरून २७.२% झाले, तर गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२% वरून २.५% वर आले. तुलनेसाठी स्वतंत्र गट नसल्याने हा बदल सर्वस्वी प्रकल्पामुळेच घडला, असे म्हणता येत नाही. नाशिक जिल्ह्याच्या पेठ या आदिवासी तालुक्यातील ४१ गावांत २०१३–१५ या काळात ‘आत्मीयता’ प्रकल्प राबविण्यात आला. पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेच्या या प्रकल्पात गावातल्याच स्वयंसेवकांना व्यथित व्यक्ती ओळखण्याचे व तिचे म्हणणे ऐकण्याचे शिक्षण देण्यात आले. तज्ञांची संख्या अपुरी असताना शेजारचा प्रशिक्षित माणूस पुष्कळ काही करू शकतो, हे या प्रयोगांचे सार होय.

वसई-विरार परिसर : वरील तत्त्वे प्रत्यक्ष वस्तीत कशी लागू पडतात, हे पाहण्यास पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचे उदाहरण उपयुक्त आहे, कारण जुने ग्रामजीवन व महानगराच्या काठावरील नवी वसाहत येथे शेजारी शेजारी नांदतात. चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून २००९ मध्ये येथील महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. पश्चिमेकडील वाड्यांची गावे, अर्नाळा, नायगाव व पाचूबंदर येथील कोळीवाडे आणि वसईच्या ख्रिस्ती धर्मग्रामांची गावे यांत माणसे एकमेकांस पिढ्यान् पिढ्या ओळखतात. एखाद्या घरातील बदल तेथे लपत नाही. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या धाकामुळे तो बोलूनही दाखविला जात नाही. नालासोपारा व विरार येथील दाट चाळी आणि इमारती यांत स्थिती उलट असते. कोकण, उत्तर महाराष्ट्र, उत्तर प्रदेश इ. ठिकाणांहून आलेली कुटुंबे येथे नव्याने वसलेली असतात. घरातील कमावती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात व रात्री परततात. शेजारी कोण राहते, हे अनेकदा ठाऊक नसते. एके ठिकाणी ओळख आहे पण उच्चार नाही, दुसरीकडे उच्चाराला ओळखच नाही, असा हा भेद आहे.

यामुळे पूर्वसूचना टिपणारी माणसेही दोन्हीकडे वेगळी असतात. जुन्या गावांत ही जबाबदारी धर्मग्रामातील लहान समूह, महिला बचत गट, मच्छीमार संस्था, ग्रामदेवतेच्या उत्सवाची मंडळे आणि घरोघर जाणाऱ्या आशा सेविका यांच्याकडे येते. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात कोळी कुटुंबांचे उत्पन्न थांबते, तेव्हा कर्जाच्या तगाद्याकडे लक्ष ठेवणे शक्य असते. नव्या वस्त्यांत शिक्षक, इमारतीचा राखणदार, उधारीची वही सांभाळणारा किराणा दुकानदार, घरमालक आणि लोकलचे रोजचे सोबती हे पहिले साक्षीदार ठरतात. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे भजन म्हणणाऱ्या मंडळींना एखाद्याची अनुपस्थिती वा बदललेला स्वर त्याच्या कुटुंबाइतकाच लवकर जाणवू शकतो. अशा वेळी ‘कुठे होतास चार दिवस?’ एवढ्यावर न थांबता बाजूस बसवून नीट विचारणे, हेच प्रतिबंधाचे पहिले पाऊल होय. परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात हेही नमूद करणे अवश्य आहे, की १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना धार्मिक दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिलेली नाही. धर्माच्या भीतीने व्यथा लपविण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

उपचारांसाठी परिसरातील महानगरपालिकेच्या व खाजगी रुग्णालयांखेरीज ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय (स्थापना १९०१) व तेथीलच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (स्थापना १९९०) या संस्था तुलनेने जवळ आहेत. तथापि वसईहून ठाण्यास जाणे म्हणजे रोजंदारीवरील माणसाचा एक दिवसाचा पगार बुडणे होय. म्हणून दूरध्वनीवरील सेवेचे महत्त्व येथे विशेष आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. प्राणावर बेतलेल्या प्रसंगी ११२ हा आपत्कालीन क्रमांक किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक वापरावा व व्यक्तीस जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे.

कायदा : भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पोलीस चौकशीच्या धास्तीने कित्येक कुटुंबे रुग्णालयात जाण्यास विलंब करीत किंवा खरे कारण दडवीत. मुंबई पोलीस दलातील एका मनोरुग्ण शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला. मात्र १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरवून कलम वैध ठरविले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने परिस्थिती पालटली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे त्यान्वये गृहीत धरण्यात येते आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ चा समावेश केलेला नाही. लोकसेवकास त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय ठेवला आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा गुन्हा कायम आहे. शिक्षेच्या भीतीने उपचार लांबविण्याचे कारण आता उरलेले नाही, ही माहिती घरोघर पोहोचणे आवश्यक आहे. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १०% नी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

वृत्तपत्रांची भूमिका : आत्महत्येच्या ठळक व वर्णनात्मक बातम्यांनंतर अनुकरणाच्या घटना वाढतात, असे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखविले. याउलट संकटावर मात केलेल्यांच्या हकिकतींचा संरक्षक परिणाम होतो, असे व्हिएन्ना येथील टोमास नीडरक्रोटेन्थालर व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात दिसले. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. साधनांचे वर्णन, ठिकाणाचा ठळक उल्लेख व एकाच कारणाचे प्रतिपादन टाळणे आणि बातमीसोबत मदतीचे क्रमांक देणे, हे त्यांतील मुख्य मुद्दे होत. समाजमाध्यमांवर छायाचित्रे व निरोपाचे संदेश पुढे पाठविणाऱ्या नागरिकांनाही तेच लागू पडते.

मागे राहिलेल्यांचे सांत्वन : आत्महत्येने झालेल्या मृत्यूनंतर आप्तांना शोकाबरोबर अपराधीपणा, संताप व सामाजिक बहिष्कार यांना तोंड द्यावे लागते आणि त्यांच्यापैकी काहींना स्वतःलाही धोका उद्भवतो. त्यांची विचारपूस करताना कारणांची चौकशी करू नये. मृताचे नाव घेऊन त्याच्या जगण्याच्या आठवणी काढाव्यात. मुलांना वयास अनुरूप अशा शब्दांत खरे सांगावे आणि दिवसकार्ये उरकल्यावरही त्या घरी जाणेयेणे चालू ठेवावे. साहाय्य करणाऱ्याने स्वतःच्या मर्यादाही ओळखाव्यात. रात्रंदिवस एकट्याने भार वाहण्यापेक्षा दोन-तीन विश्वासू माणसांत तो वाटून घेणे, तसेच स्वतःसही सल्ल्याची गरज पडू शकते हे मान्य करणे हितावह असते. सर्व प्रयत्न करूनही कधी कधी मृत्यू टळत नाही. त्याची जबाबदारी सोबत करणाऱ्यावर येत नाही.